पर्पेतुआची जागा धरणारा कॅन

मी एक जुना पिवळा कॅन आहे. वीस लिटरचा. माझी मालकीण पर्पेतुआ नालवोगा मला रांगेत उभा करून गेली आणि जाळीआडच्या सिस्टरांकडे कायमची राहिली. पण मित्रांनो, हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असं काही घडलेलं नाही. ती तीन दिवसांसाठी गेली आहे.

माझा जन्म कंपालाच्या एका कारखान्यात झाला. पहिल्या वर्षी पोटात तेल होतं, पुढे मसाका शहराजवळच्या पर्पेतुआच्या घरात पाणी आलं. झाकण पहिल्याच महिन्यात हरवलं. तेव्हापासून माझ्या तोंडात हिरव्या केळ्याचं बूच असतं, म्हणून मला कधी बोलता आलं नाही. आज बूच वाळून पडलं आहे.

आमच्याकडे हापशावर माणसं उभी राहत नाहीत, कॅन उभे राहतात. माणूस कॅन ठेवतो आणि शेंगा सोलायला, भांडायला किंवा चर्चमध्ये मिस्साला जातो. माणसाला कोणीही ढकलतं, पण दुसऱ्याच्या कॅनला कोणी हात लावत नाही. हलवायचा तर त्याच्या घरच्यांनीच. या नियमावर मी सोळा वर्षं नोकरी केली.

चोविसाव्या वर्षी पर्पेतुआ म्हणाली, मला सिस्टर व्हायचंय. आमच्यात मुलीचं लग्न मार्गी लावणं हे आत्याचं काम. सालोमेआत्या लगेच कामाला लागल्या.

"बरं, येशू तर येशू. पण सासर कुठलं?"

"तेच कळत नाही, आत्या."

"शाळावाल्या सिस्टरांकडे जा. त्यांना सुट्ट्या असतात, लग्नाकार्याला घरी येशील."

"दवाखान्यावाल्यापण चांगल्या आहेत."

"तुला सगळ्याच चांगल्या! नवरा बघायला निघाली असतीस तर अख्खं गाव घरी आणलं असतंस."

फादर म्हणाले, प्रत्येक ठिकाणी आठवडाभर राहा, प्रार्थना कर, मग ठरव. सोबत कुदळ, ताट आणि मी. दवाखान्यात तिने एका म्हाताऱ्याचे पाय आठवडाभर धुतले. शेवटच्या दिवशी नळाखाली मला भरताना म्हणाली, "मी इथलीच आहे रे." पुढच्या आठवड्यात शाळेत तिने पहिलीच्या पोरांना गाणं शिकवलं आणि नळाखाली तेच वाक्य, तसंच म्हणाली. मी ऐकून घेतलं. कॅनने ऐकूनच घ्यायचं असतं.

शाळावाल्या सिस्टर व्हायला बारा मुली घेणार होत्या. सोमवारी प्रवेश. शुक्रवारी मुलींनी आपापलं सामान व्हरांड्यात ओळीने लावलं. पर्पेतुआने बाराव्या जागी मला ठेवलं आणि कानात म्हणाली, "तीन दिवस धर. जाळीवाल्यांनापण बघून येते." जाळीवाल्या म्हणजे मठात जाळीआड राहून प्रार्थना करणाऱ्या सिस्टर; आत गेलेली पुन्हा बाहेर येत नाही.

सोमवारी शाळावाल्यांच्या प्रमुख मदर गौदेन्सिया यादी घेऊन आल्या.

"पर्पेतुआ नालवोगा?"

मदरांनी नाव पुन्हा पुकारलं. शेवटी माझ्या मागच्या, तेराव्या नंबरच्या लिओकाडियाने हात वर केला. "मदर, ती नाहीये. तिचा कॅन आहे."

मदरही हापशावरच लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. "कॅन आहे म्हणजे मुलगी आहे," त्या म्हणाल्या. त्या दिवशी अकरा मुलींना आणि मला प्रवेश मिळाला.

लिओकाडियाला दुसरीकडे कुठेच जायचं नव्हतं. ती सात वर्षांची असल्यापासून तिला हीच शाळा आणि ह्याच सिस्टर हव्या होत्या. जागा होईल या आशेवर ती स्वयंपाकघरात झोपायची आणि रोज सकाळी मला पुसायची. रागाने नाही, नीट पुसायची. मित्रांनो, सोळा वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या नोकरीची लाज वाटली.

तीन आठवड्यांनी आत्या आल्या. हातात पर्पेतुआचं पत्र. व्हरांड्यातच वाचून दाखवलं: "आत्या, दोन्हीकडे मला सारखं वाटायचं की दुसरीकडची जागा जाईल. इथे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, मला कॅनची आठवणच झाली नाही. मी इथेच राहते."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र हेच. ते माझ्या मनाला लागलं.

"हलवा हो कोणीतरी त्याला," आत्या म्हणाल्या.

"मला नाही हलवता येत," मदर म्हणाल्या. "तो तुमच्या घरचा आहे."

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. "जाळीआडून ती लग्नाला यायची नाही. माझ्या मातीलापण यायची नाही." मग त्यांनी माझी मूठ धरली, मला उचललं आणि लिओकाडियावर ओरडल्या, "उभी काय राहिलीस? हो पुढे! तुझा नंबर आला."

त्याच दिवशी आत्या मला घेऊन जाळीवाल्यांकडे आल्या. तिथे वस्तू भिंतीतल्या फिरत्या कपाटातून आत जातात. पाव जातो, केळी जातात. मी गेलो नाही. आत्यांनी मला उभा घालून पाहिलं, आडवा घालून पाहिलं. आतून पर्पेतुआ खुदकन हसली. ते हसू ऐकून आत्या पहिल्यांदा रडल्या.

आता मी फाटकाशी असतो. पाहुणे माझ्या पाण्याने हात धुतात. मित्रांनो, ज्या रांगेत आपल्याला जायचं नाही, तिथून आपला कॅन वेळेवर उचला. मागे कोणीतरी उभं असतं. आणि हा अर्ज कोणी आत नेऊन दिलात तर बरं होईल.

प्रति,
माननीय मदर सुपिरियर यांस,

विषय: फिरते कपाट रुंद करणेबाबत.

अर्जदारास जागा धरण्याचा सोळा वर्षांचा अनुभव असून आजवर एकही जागा गेलेली नाही. तरी सदर कपाट चार बोटे रुंद करून अर्जदारास आत घ्यावे. ते शक्य नसल्यास फाटकाशी असलेली अर्जदाराची जागा दुसऱ्या कोणास देऊ नये, कारण मालकीण तीन दिवसांत परत येणार आहे.

आपला विश्वासू,
पिवळा कॅन, वीस लिटर
(बुचाशिवाय)