चार नंबरचा ढीग

“अजून एक फेरा आवळतो, मॅडम. मग खाली एक खडा जरी पडला तरी मिशा उतरवून देईन.”

“मागच्या महिन्यातही मिशाच लावल्या होत्या पणाला,” वरच्या कठड्यावरून दादा म्हणाले आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. दगड वाहून नेणारा पट्टा बंद होता, त्यामुळे ती सगळ्यांना ऐकू आली. एरवी कुणाला काही ऐकू यायचं नाही.

मिस्त्रीने मिशांवरून हात फिरवला आणि पान्याने नट आवळला. नव्या इंजिनियर मॅडम गुडघ्यांवर बसून पट्ट्याच्या दोन्ही कडांना लावलेलं रबर तपासत होत्या. मावशी फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून बघत उभी होती. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ती मूग गिळून गप्प राहिली.

दगड फोडायच्या त्या कारखान्यात या जागेला सगळे चार नंबर म्हणत. फुटलेला दगड वरच्या पट्ट्यावरून यायचा, लोखंडी शूटमधून, म्हणजे उभ्या घसरणीतून, पुरुषभर उंचीवरून खालच्या पट्ट्यावर आदळायचा आणि पुढे जायचा. सगळाच पुढे जात नसे, म्हणून तर मावशीला नोकरी होती. जो दगड खाली सांडेल तो फावड्याने घमेल्यात भरायचा आणि परत पट्ट्यावर ओतायचा. अकरा वर्षं ती हेच करत होती. “काही काही दगड तर मी तोंडावरून ओळखते. दुसऱ्यांदा सांडलेले असतात मेले,” असं ती म्हणायची आणि नवीन माणसाला ते क्षणभर खरंच वाटायचं.

सांडलेल्या दगडाचं ठीक होतं, तो निदान फावड्याला दाद द्यायचा. आदळताना जे पीठ उडायचं त्याला कोण आवरणार? ते वर जायचं आणि वर दादा असायचे. पट्टा एका बाजूला सरकतोय का ते बघायचं, काही अडकलं तर दोरी ओढून तो थांबवायचा, एवढंच त्यांचं काम. पण ते तिथंच उभं राहून करायचं होतं, आणि दादा सव्वीस वर्षं तिथंच उभे होते. तोंडाला बांधायला फडकं असायचं, ते तासाभरात पांढरं व्हायचं.

दादा काही मावशीचे सख्खे भाऊ नव्हते. शेजारी होते. तिचा नवरा गेला तेव्हा महिन्याभरातच त्यांनी तिला कंत्राटदारासमोर नेऊन उभं केलं आणि सांगितलं, “ही माझी बहीण आहे, कामाला घ्या.” कंत्राटदाराने विचारलं, “मग आडनाव वेगळं कसं?” दादा शांतपणे म्हणाले, “लग्न झालंय तिचं.” कंत्राटदाराने नाव लिहून घेतलं आणि मावशीला फावडं मिळालं.

गेल्या महिन्यात दादांच्या छातीचा फोटो काढला. त्या दिवशी मावशीने विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?”

“धुळीपासून लांब राहा म्हणाले. मी विचारलं, किती लांब? तर म्हणे जमेल तेवढं. म्हणून हल्ली दोन पावलं मागे उभा राहतो.”

मावशी हसली, पण तिला ते हसणं जिवावर आलं. दादांच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. त्यांच्यासाठी दुसरी जागा नव्हती आणि मधेच घरी बसणं परवडणारं नव्हतं. आणि ही धूळ कमी कशी होते हे त्या कारखान्यात फक्त तिला ठाऊक होतं. निदान ती तसं समजत होती.

आठ वर्षांपूर्वी एकदा ओला माल आला होता. त्याचा चिखल शूटच्या आत डाव्या भिंतीला चिकटला आणि त्यावर दगड साचून आत एक ओटाच तयार झाला. मग वरून येणारा दगड लोखंडावर आपटायच्या ऐवजी त्या दगडांच्या ओट्यावर पडायला लागला. तिथं त्याचा जोर मोडायचा आणि तो गुमान घरंगळत पट्ट्याच्या मधोमध उतरायचा. दोन दिवस चार नंबरला धूळ नव्हती म्हटलं तरी चालेल. सांडणंही नव्हतं. मावशी दोन दिवस फावडं घेऊन नुसती बसून होती आणि मुकादम येता-जाता तिच्याकडे बघत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मिस्त्रीला गाठलं आणि सांगितलं, “शूट तुंबलंय.” तुंबलेलं शूट साफ करायचं हा मिस्त्रीचा धर्म. त्याने पहार घालून ओटा फोडला आणि वर बढाईही मारली. दुपारपर्यंत ढीग परत आला, धूळ परत आली, आणि मावशीची भाकरी शाबूत राहिली.

तेव्हापासून तिचं मन तिला खात होतं. आताही तिची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. अजून एक वर्ष ढकललं की झालं, असं मावशी रोज स्वतःला सांगायची आणि वर दादांचे खांदे खोकल्याने हलताना दिसले की मान खाली घालायची.

मिस्त्रीने रबर आवळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ढीग होता तेवढाच होता. शिवाय घट्ट रबराने पट्ट्याला चरा पडला होता तो वेगळाच. मिस्त्री मिशांचा विषय टाळत होता. मॅडम पट्टा थांबवून हताशपणे ढिगाजवळ उकिडव्या बसल्या. दादा फडकं तोंडावर धरून पाठमोरे उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ते बघून मावशीला राहवेना. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे तिला पुरतं कळत होतं, तरी ती बोलली.

“मॅडम, रबर कितीही आवळा. दगड मुळात डावीकडेच पडतोय.”

“कशावरून?”

“ढिगावरून. डावीकडे चार घमेली निघतात, उजवीकडे एक. एका अंगाला भार आला की पट्टाही सरकतो.”

मग तिने ओट्याची गोष्ट सांगितली. मॅडम उठून उभ्या राहिल्या. “दगडावर दगड,” त्या पुटपुटल्या. “असा ओटा आपल्याला मुद्दामच करता येईल. पण मग तो फोडला कुणी?”

“मीच,” मिस्त्री म्हणाला. “शूट तुंबल्याची तक्रार आली होती.”

“कुणाची?”

“आता इतक्या वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतंय, मॅडम!”

मावशी फावड्याच्या पात्याला चिकटलेला चिखल नखाने काढत राहिली.

काम आठवडाभर चाललं. शूटमध्ये लोखंडी फळी बसवली, तिच्यावर दगड साचू दिला. रबर पट्ट्याला नुसतं टेकेल इतकंच ठेवलं, पुढे झाकण लांबवलं आणि माल बाहेर पडतो तिथं रबरी पडदा सोडला. पट्टा सुरू झाला तेव्हा सगळे वर बघत होते. थोडंसं पीठ पडद्याच्या फटीतून डोकावलं आणि आतच बसलं. मॅडमनी मावशीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “मावशी, हे तुमचं काम आहे.” मावशीला खरंच फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मुकादम आला. दिवसभरात जेमतेम एक घमेलं निघत होतं, त्याने ते पाहिलं. “मावशी, आता शनिवारपर्यंतच या,” तो दुसरीकडे बघत म्हणाला. मॅडमना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. हा हिशेब त्यांच्या डोक्यातच आला नव्हता. त्या तडक ऑफिसात जाऊन बोलून आल्या आणि उत्तर मिळालं, बघू. बघू म्हणजे काय, हे समजायला मावशीला इंजिनियर व्हायची गरज नव्हती.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत पट्टा बंद झाला. दादा खाली येऊन तिच्याशेजारी बसले. दोघांनी डबे उघडले. मावशीने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच डब्यात ठेवला.

“दादा, तुम्हाला एक सांगायचंय. ती तक्रार माझी होती.”

दादा खात राहिले.

“शूट तुंबल्याची. मीच मिस्त्रीला सांगितलं. मुकादम माझ्याकडे बघत होता, मला भीती वाटली. आठ वर्षं तुमची छाती मी खाल्ली, दादा. ज्यानं मला इथं आणलं त्याचीच.”

“माहितीये मला,” दादा म्हणाले.

“काय माहितीये?”

“अगं, वरून सगळं दिसतं. तू त्याच्याशी बोललीस, तो पहार घेऊन आला. त्याच्यासाठी पट्टा थांबवायची दोरी कुणी ओढली? मीच ना?”

मावशी त्यांच्याकडे वळली. “मग त्याला अडवलं का नाहीत? नंतर तरी कुणाला सांगायचं!”

“काय सांगायचं? तुझी पोर तेव्हा सातवीत होती,” दादा म्हणाले. “दोन दिवस तू खाली रिकामी बसली होतीस. तुझं ते तोंड बघवत नव्हतं. म्हटलं, त्यापेक्षा धूळ परवडली. ती काय, ओळखीची होती.”

मावशीने पदर तोंडाला लावला आणि ती रडली. दादांनी तिला रडू दिलं. मग तिच्या डब्याचं झाकण तिच्याकडे सरकवत ते म्हणाले, “जेव आता. पोरीचं एकच वर्ष राहिलंय, निघेल काहीतरी. मीही विचारतो कुठं कुठं. पण या वेळी आडनाव आधीच सांगून ठेवू.”

ती रडता रडता हसली. भोंगा झाला. दादा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि लोखंडी जिना चढायला लागले. दहा-बारा पायऱ्यांवर ते थांबले. कठड्यावरून एक बोट फिरवलं आणि धूळ बघावी तसं ते बोट डोळ्यांसमोर धरलं. बोटाला काहीच लागलेलं नव्हतं, तरी ते बराच वेळ बघत राहिले. ते दम खायला थांबलेत हे मावशीला कळलं. तिने चटकन तोंड फिरवलं, आणि जिन्याच्या टोकाचं दार वाजेपर्यंत ती झाडलेलीच जागा पुन्हा झाडत राहिली.