हुरड्याचा हिरवा

अपेक्षा, म्हणजे आमची पुण्यातली लेक, दिवाळीला आली आणि चहाचा कप विसळता विसळता म्हणाली, "आई, तुझं किचन बघून साल सांगता येतं. दोन हजार तीन." मरून सनमायका, त्यावर सोनेरी पट्टी, आणि दारांच्या मुठी म्हणून पितळेचे मोर. मोर काही मी हौसेनं आणले नव्हते, बिल्डरनंच बसवून दिले होते. पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून ते जास्त झोंबलं.

त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं. कपाटं बदलायची, आणि रंग असा घ्यायचा की कुणाच्या बापाला साल ओळखता येऊ नये. आणि तो रंग मी निवडायचा. हे शेवटचं वाक्य मी घरात मोठ्यानं म्हणाले नाही, पण खरी गोष्ट तीच होती. वळसंगला आईच्या चुलीमागची भिंत काळीच असायची, तिथं रंगाचा प्रश्न नव्हता. लग्न झालं तर सासूबाईंनी निळीचा हात दिलेला. मग भाड्याच्या खोलीत घरमालकाचा ऑइलपेंट, आणि हे रो-हाऊस घेतलं तेव्हा बिल्डरचा मरून. साड्या म्हणाल तर निम्म्या आहेराच्या. एकसष्ट वर्षं झाली, पण एक रंग मी तोंडानं मागून घेतला असं झालं नाही.

गंमत अशी, की रंगातलं मला कळत नव्हतं असं नाही. आता हे कुणापुढं बोलू नका, पण आमच्या ह्यांची निम्मी नोकरी माझ्या डोळ्यांनी केलेली आहे. मुकुंदराव अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात रंगमास्तर होते. पार्टी आपल्या रंगाचा एक तुकडा पाठवायची, आणि त्याला जुळेल असं सूत रंगवून द्यायचं. संध्याकाळी हे छोट्या भांड्यात एक लडी रंगवून बघायचे. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात दगा देतो, म्हणून ती लडी आणि पार्टीचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणायचे. सकाळी मी दोन्ही घेऊन उंबऱ्यावर उभी राहायचे. "निळा जरा कमी करा," म्हणायचे, नाहीतर "जुळलं." मी जुळलं म्हटलं, की तिकडं पाचशे किलो सूत रंगात पडायचं. तीस वर्षं हा उद्योग चालला आणि कारखान्यात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

तर असली माझी नजर. मला वाटलं, रंग निवडणं म्हणजे हातचा मळ.

आमचा सुतार शरणबसव. अक्कलकोटच्या पलीकडचा, निम्मं कानडी, निम्मं मराठी, पण हात सोन्यासारखा. त्यानं जुनी कपाटं काढून नेली आणि नमुन्याच्या पट्ट्यांची थप्पी माझ्या हातात ठेवली.

"अक्का, लाकडी रंग घ्या. लाकडाचा रंग कदी जुना होतो व्हय?"

"झाड तर जुनं होतंच की रे."

"झाड होतं वो. सनमायका न्हाई होत." मग तो जरा गंभीर झाला. "पन रविवारी सांजच्याला नंबर सांगा. सोमवारी शीटची गाडी हाय. एकदा शीट कापली की कुनी माघारी घेत न्हाई."

माझ्याकडं तीन दिवस होते. ह्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "राखाडी घे. डाग दिसत न्हाईत." अपेक्षानं फोनवर पांढऱ्या किचनांचे फोटो पाठवले, एकापेक्षा एक पांढरी. मला तर वाटलं आत कुणाचं तरी ऑपरेशन चालू असणार. "ऑफ-व्हाइट कधी जुना होत नाही गं आई," ती म्हणाली. मी हो-हो म्हटलं आणि फोन ठेवला.

रविवारी दुपारी हे जेवून आतल्या खोलीत आडवे झाले. आमचा स्वयंपाक सध्या मागच्या गॅलरीत चालला होता, त्यामुळं किचन अगदी मोकळं. सगळ्या पट्ट्या मी भिंतीला टेकवून रांगेनं उभ्या केल्या आणि समोर फरशीवर अंग टाकलं. मार्च लागला होता. बाहेर रस्ता तापून गप्प झालेला, आणि आत फरशी मात्र माठासारखी गार. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन भिंतीवर पडला होता आणि तो इतका सावकाश सरकत होता की बघता बघता माझेच डोळे जड झाले.

एकेक पट्टी बघायला लागले. पहिली बघितली आणि मनात आलं, ही लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला जुळते. दुसरी सासूबाईंच्या शालीला. तिसरी एसटीच्या जुन्या सीटला, चौथी अपेक्षाच्या शाळेच्या रिबिनीला. जुळतंय, जुळतंय, हेही जुळतंय. चाळीस पट्ट्या झाल्या आणि 'हे मला हवंय' असं एकदाही मनात आलं नाही. मला एकदम भीती वाटली. दुसऱ्याच्या रंगाला आपला रंग जुळवता जुळवता हवंसं वाटणं आतून कधी आटलं, ते मला कळलंच नव्हतं.

मग झोप लागली की काय, कुणास ठाऊक. धड जागीही नव्हते. माझी सगळी स्वयंपाकघरं एकामागून एक त्या मोकळ्या खोलीत येऊन बसली. आईची चूल येऊन कोपऱ्यात धुमसायला लागली. सासूबाईंची निळी भिंत आली, तिच्यावर त्यांच्या ओल्या हाताचे पाच ठसे. घरमालकाचा हिरवट ऑइलपेंट आला आणि नेहमीसारखा पोपडे टाकायला लागला. कुणी कुणाला हटकलं नाही. मी त्या सगळ्यांच्या मधे पाट घेऊन बसले होते आणि ती माझ्याकडं बघत होती, पाव्हणी आल्यासारखी.

मग पुढचंही दिसायला लागलं. दोन हजार पंचेचाळीस साल. आम्ही दोघंही नाही. कुणीतरी परकी बाई, केस आखूड कापलेली, माझ्या कपाटाचं दार उघडते, आत वाकून बघते, दारावरून हात फिरवते. तिचा चेहरा मला दिसेना. ती आता साल सांगणार म्हणून मी श्वास धरून पडले होते. तिनं काही सांगितलं नाही. तिला ते दार कुणाचंच वाटलं नाही. तिनं ते लावून घेतलं आणि ती निघून गेली. मला इतकं वाईट वाटलं की डोळे उघडले.

उन्हाचा चौकोन भिंतीवरून खाली फरशीवर उतरला होता. तिथं एक पट्टी थप्पीतून निसटून आडवी पडली होती, मी ती रांगेत लावायचीच विसरले होते. नेमकं तिच्यावर ऊन. पिस्ता म्हणावा तर पिस्ता नाही, पोपटी म्हणावा तर तेवढा भडक नाही. ज्वारीचं भाजलेलं कणीस तळव्यावर चोळल्यावर जो दाणा निघतो ना, हिरवा आणि पोटात जरा पिवळा, दुधाळ, तो. ती कशाला जुळते, असं मनात आलंच नाही. छातीत काहीतरी उडी मारल्यासारखं झालं आणि मी मोठ्यानं म्हणाले, "हाच!"

"काय झालं?" हे दारात उभे होते, झोपेतून उठून आलेले.

"सापडला," मी पट्टी त्यांच्या हातात दिली. "हाच मला पायजे."

त्यांनी ती खिडकीशी नेली. उजेडात तिरकी केली, सरळ केली. मग त्यांचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, आता ह्यात खोड काढणार. ते आत गेले, आणि किचनमधल्या माळ्यावरचं जे सामान पलंगाखाली येऊन पडलं होतं त्यात बराच वेळ खुडबुड करून एक जाडजूड वही घेऊन आले. त्यांची कारखान्यातली शेडची, म्हणजे रंगछटांची वही. पान उघडून त्यांनी माझी पट्टी एका सुताच्या झुबक्याशेजारी धरली.

रंग तोच होता. तसूभरही फरक नाही.

मी परत फरशीवर बसले. रडूच आलं मला. म्हणजे हाही जुळवलेलाच! कुणा पार्टीनं कधीतरी मागितलेला टॉवेलचा रंग माझ्या डोक्यात राहिला आणि तोच मला स्वतःचा वाटला. "ठेवा ती वही," मी म्हणाले. "राखाडी घ्या. ऑफ-व्हाइट घ्या. काय पायजे ते घ्या."

"आधी बग तरी नीट," हे म्हणाले. "पानावर दोन नमुने हायती. उजव्या हाताला आपलं सूत. डाव्या हाताला पार्टीचा तुकडा."

मी डोळे पुसले आणि बघितलं. माझी पट्टी उजवीकडच्याला जुळत होती. डावीकडचा साधा पिस्ता, थंडगार, निळसर. दोघांचा काही संबंधच नव्हता. शाळेतल्या पोरानंसुद्धा सांगितलं असतं.

"हे काय जुळलंय?" माझ्यातली जुनी तपासणारी बाई एकदम चवताळली. "कुठल्या आंधळ्यानं पास केला हा?"

"तू," हे म्हणाले.

पानावर वरच्या कोपऱ्यात तारीख होती. अठ्ठ्याण्णवचा जानेवारी. ह्यांनी वही मिटली आणि माझ्याशेजारी फरशीवर बसले, गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू.

"मला पिवळा जरा जास्त वाटला हुता त्या सकाळी. पन दरवेळी तू 'जुळलं' म्हनायचीस. त्या दिशी पार्टीचा तुकडा तू बगितलाबी न्हाईस. लडी हातात घेतलीस आनि 'हाच' म्हनलीस. लई खुशीत हुतीस गं. म्या म्हनलं, असंल बरोबर."

"मग?"

"मग काय. सगळा लॉट परत आला. काळ्यात बुडवला."

काळ्यात बुडवणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. रंग चुकला की तो लपवायला एकच रंग उरतो. पाचशे किलो हुरडा, सगळा काळा.

"आनि तुमाला काय म्हनाले?"

"तीन महिनं रंगाजवळ येऊ दिलं न्हाई. वाइंडिंगला बसवलं, बॉबिनी भरायला."

तेव्हा मला आठवलं. त्या उन्हाळ्यात ह्यांचे हात स्वच्छ असायचे. एरवी नखांच्या कडा कधी निळ्या, कधी लाल, आणि त्या उन्हाळ्यात भाकरी मोडताना बोटं अगदी गोरी. मी विचारलं तर म्हणाले होते, कंपनीनं हातमोजे दिलेत, आणि सध्या जुनेच रंग चालू आहेत, लडी तपासावी लागत नाही. आणि मी किती खूश झाले होते! शेजारणींना सांगत सुटले होते की आमच्या ह्यांची कारखान्यात आता कदर व्हायला लागली. हे तेव्हा माझ्यासमोर बसून मुकाट जेवत होते.

मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या हातावर हात ठेवावासाही वाटला. आधी राग काढला.

"सव्वीस-सत्तावीस वर्षं! एक शब्द बोलला न्हाईत. मला वाचवलंत व्हय?"

उन्हाचा चौकोन आता त्यांच्या पायाशी आला होता.

"तुला न्हाई," ते म्हणाले. "तुला सांगितलं असतं, तर तू परत लडी हातात धरली नसतीस. आनि तू धरली नसतीस, तर मी तितं महिनाभरबी टिकलो नसतो. माझ्या डोळ्यात तेवढं न्हवतं, वैजू. मला नोकरी वाचवायची हुती."

एवढं खरं हा माणूस लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला असेल. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. मला त्या सकाळची मी दिसत होते, उंबऱ्यावर, चौतिशीतली, हातात एक ओलसर लडी. तिनं पार्टीचा तुकडा बघितलाच नव्हता. मला वाटत होतं की तिला काही हवंसं वाटलंच नाही कधी. वाटलं होतं की. फक्त सूत दुसऱ्याचं होतं, हे ती विसरली होती.

पाच वाजता अपेक्षाचा फोन आला. रंगाचा फोटो तिला पाठवला होता. "आई, छान आहे, पण हा सध्या सगळीकडे चाललाय गं. पाच वर्षांनी जुना दिसेल. कुणीही साल सांगेल."

"सांगू दे," मी म्हणाले, आणि माझं मलाच नवल वाटलं, की मी हे मनापासून म्हणत होते. कुणी तरी दार उघडून म्हणावं की हे अमक्या सालचं, त्या साली हितं एक बाई राहत होती.

शरणबसवला फोन मीच लावला. पट्टीमागचा नंबर दोनदा वाचून दाखवला.

"लिवून घेतला. पक्का नव्हं, अक्का? सायबांनी बगितला का? रंगातला मानूस हाय त्यो."

"बगितला. त्यास्नी जरा पिवळा वाटतोय."

"मग कसं करायचं?"

ह्यांनी समोरून मान वर केली. मी त्यांच्याकडं बघत बघतच सांगितलं, "वाटू दे की. काप तू शीट."