बाळंतपणाला निघालेली बॅग

मित्रांनो, मी एक जुनी खाकी कॅनव्हासची बॅग आहे आणि आधीच सांगून टाकते, मला चाकं नाहीत. हल्लीच्या बॅगा चाकांवर तुरुतुरु पळतात आणि पहिल्या पायरीपाशीच अडून बसतात. मला हातात धरावं लागतं. पण एकदा धरलं की मी जिन्यावरून, चिखलातून, गर्दीतून कुठेही येते आणि खाली ठेवलं की सरळ उभी राहते. याला कुणी आढ्यता म्हणेल. म्हणोत बापडे.

मला शिवलं ते ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराने. त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या थोरल्या मुलीला दिवस गेले, तेव्हा दुकानातल्या उत्तम कापडाचा तुकडा बाजूला काढून त्याने मला बेतलं. तळाला दुहेरी कापड, बंदांना जाड शिलाई, आत तीन कप्पे. ताडपत्रीची सुई दणकट असते, तेव्हा माझ्या शिवणीत नाजूकपणा शोधू नका. "ही फाटायच्या आत तुझी नातवंडं शाळेत जातील," असं तो मुलीला म्हणाला होता. तो आता नाही. मी अजून आहे.

थोरलीच्या दोन्ही बाळंतपणांना मी गेले. मग तिच्या जावेबरोबर गेले, मग शेजारणीबरोबर. घरात रीतच पडून गेली, कुणाचे दिवस भरत आले की मला तिच्याकडे पोचवायचं. पुढून उघडणारे गाऊन, सपाता, टॉवेल, कंगवा, जुन्या मऊ सुती कापडाचे चौकोन, यातलं काय कधी लागतं ते मला तोंडपाठ आहे. दवाखान्यातल्या एका सिस्टरनी तर मला दारातच ओळखलं आणि "आली का आमची खाकी" म्हणून माझं स्वागत केलं. त्या दिवशी मी जरा जास्तच ताठ उभी राहिले.

मग मी धाकटीकडे आले. धाकटी म्हणजे त्याच कारागिराची लहान मुलगी. काचसामानाच्या कारखान्यात ती पॅकिंगचं काम करते. जड ते तळाला, नाजूक ते मधोमध आणि पोचल्यावर आधी लागेल ते सगळ्यात वर, असा तिचा खाक्या. खोकं बांधून झालं की ती ते कानाशी धरून हलवते. आत जरा किणकिण झाली तर सगळं उघडून पुन्हा बांधते. तिने बांधलेल्या खोक्यातला पेला फुटल्याचं मी कधी ऐकलं नाही. पहिल्या खेपेला तिने मला इतकं नेटकं भरलं की मी स्वतःवरच खूश झाले.

पुढचं सांगायला जड जातं, पण सांगते. ते बाळ घरी आलं नाही. मी मात्र आले, बाळाच्या कपड्यांची घडीही न मोडता. घरच्यांनी मला परस्पर आवरायचं ठरवलं होतं, पण धाकटीने कुणाला हात लावू दिला नाही. तिने एकटीने बसून मला रिकामं केलं. काच झपाझप बांधणारे ते हात एकेक झबलं बाहेर काढायला फार वेळ घेत होते. नंतर तिने मला माळ्यावर टाकलं.

माळ्यावर एक मोडका पंखा आणि तळ गेलेली पातेली माझ्या सोबतीला होती. कोळ्यांनी माझ्या बंदांवर बिऱ्हाडं थाटली. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते पुढे धाकटीला पुन्हा दिवस गेले तेव्हा. ती माळ्याकडे मान वर करून बघतसुद्धा नसे. डॉक्टरांनी बजावलं होतं की यंदा कधीही निघावं लागेल, बॅग तयार ठेवा. धाकटीने साफ सांगितलं, बॅग भरायची नाही. सासूबाईंनी समजावलं, थोरलीने फोनवर झापलं, नवऱ्याने विषय काढला की ती उठून दुसऱ्या खोलीत जाई. जिला बघून बायकांना धीर यायचा, त्या माझीच तिला भीती वाटत होती.

पण घरची माणसं गप्प बसतात थोडीच? नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो एकदा स्टुलावर चढला आणि माझ्या एका कप्प्यात बॅटरी, लांब वायरचा प्लग आणि एक स्क्रूड्रायव्हर कोंबून गेला. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्याही चढल्या आणि मधल्या कप्प्यात शाली भरून गेल्या. थोरली भेटायला आली की पिशवीतून टोपडी आणि झबली आणायची आणि गुपचूप उरलेल्या कप्प्यात सारायची. घाईत कुणी दुसऱ्याच्या कप्प्यात डोकावलं नाही. आपल्याला सुचलं ते बाकीच्यांना कुठलं सुचायला, असं तिघांनाही वाटत होतं. सात सुगरणी आणि भाजी अळणी म्हणतात ते काही खोटं नाही.

एका दुपारी धाकटीला कळा सुरू झाल्या. दिवस अजून पुरते भरले नव्हते. नवरा कुठल्याशा उंच इमारतीत कामावर होता आणि त्याचा फोन लागेना. सासूबाईंनी टॅक्सी बोलावली आणि मला खाली ओढलं. मला पाहून धाकटीचा चेहरा उतरला. ही कुणी भरली, असं तिने विचारलं. सासूबाई नजर चुकवून म्हणाल्या, थोडंसं मी ठेवलंय.

धाकटीने माझे पट्टे सोडले. आतून बॅटरी निघाली, शाली निघाल्या, एका वर्गाला पुरतील इतकी टोपडी निघाली. थंडीची सोय होती, अंधाराची होती, बाळाची तर होतीच होती. जिला दवाखान्यात जायचं होतं तिच्यासाठी मात्र एक गाऊनसुद्धा नव्हता. मग तिच्या हाताला स्क्रूड्रायव्हर लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. कित्येक महिन्यांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. हसता हसता कळ आली, तशी तिने पलंगाची कड घट्ट धरली. कळ ओसरल्यावर ती सासूबाईंना म्हणाली, "आई, असं खोकं कारखान्यात आलं असतं ना, तर मी ते पुढे जाऊच दिलं नसतं."

आणि तिने मला पलंगावर उलटं केलं.

मग ती सांगत गेली आणि सासूबाई आणत गेल्या. टॉवेल तळाला, त्यावर सपाता, मग गाऊन, कडेला कंगवा. कळ आली की ती थांबे, गेली की पुढचं उचले. बघता बघता मी भरत आले. शेवटी पलंगावर एक छोटा ढीग उरला. एक झबलं, एक टोपडं, एक दुपटं. दोघींपैकी कुणीच त्याला हात लावेना. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

"ते राहू दे, पोरी," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मी मागाहून घेऊन येईन."

धाकटीचा हात ढिगापाशी जाऊन मागे आला. मी बॅग आहे, मला बोलून धीर देता येत नाही. मी फक्त तोंड उघडं ठेवून उभी राहिले. तिने ते कपडे उचलले, छातीशी धरले आणि मग सगळ्यात वर ठेवले.

"नाही आई. हे आधी लागणार," ती म्हणाली आणि तिने स्वतः माझे पट्टे लावले.

दवाखान्यात तिला आत नेलं. सासूबाई मला मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसल्या. त्यांनी माझा बंद इतका आवळला होता की शिवण कुरकुरली. पण ताडपत्रीवाल्याची शिवण ती, तिने दम धरला. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि सिस्टरनी बाळाचे कपडे मागितले. सासूबाईंना काही सुचत नव्हतं, तरी शोधावं लागलं नाही. कपडे वरच होते. सिस्टर आत गेल्या आणि दार बंद व्हायच्या आत एक बारीक, रागावलेला आवाज बाहेर आला. मुलगी झाली होती. इवलीशी होती, पण घसा ठणठणीत. सासूबाई माझ्यावर डोकं टेकवून रडल्या. कॅनव्हास सहज भिजत नाही, पण त्या दिवशी मी भिजले.

नवरा धावत आला तोवर धाकटी पलंगावर टेकून बसली होती. त्याने कोपरापर्यंत हात धुतले, तरी ग्रीसचे डाग जाईनात, म्हणून हात पाठीमागे बांधून तो लेकीकडे बघत उभा राहिला. धाकटीने कंगवा मागितला. लेकीने आपल्याला पहिल्यांदा बघायचं ते अशा अवतारात नको, असं तिचं म्हणणं होतं. सासूबाईंनी तिचे केस विंचरून दिले.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी माझ्यासारखी बॅग घेऊन निघणार असेल, तर बाळासाठी टोपडी हौसेने आणा. पण जी जाणार आहे, तिला काय हवं ते आधी तिलाच विचारा. ती घाबरलेली असेल तर तिच्या पाठीमागे चोरून बॅग भरू नका. बॅग तिच्या समोर उघडी ठेवा आणि तिच्याजवळ बसा. तिचे हात पुढे यायला वेळ लागतो. पण येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.