जैतूनबीची माफी

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात देवळीचा मस्तानभाई पिंजारी हजला निघाला आणि अख्खी आळी लगबगीला लागली. कापूस पिंजून गाद्या-रजया भरणाऱ्या त्या आळीतून आजवर कोणी मक्केला गेलं नव्हतं. वर्ध्याहून रेल्वेनं मुंबई, मुंबईहून बोट, आणि पुढे वाळवंट. गेलेला माणूस परत येईलच असं कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. ज्यांनी उभ्या जन्मात वर्ध्यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, तेच लोक बोट हलायला लागल्यावर काय खावं हे मस्तानभाईला समजावून जात होते.

त्याची बायको जैतूनबी जाणार नव्हती. दोघांच्या भाड्याची सोय होणं शक्यच नव्हतं आणि तिची त्याबद्दल कुरकुरही नव्हती. ती सातू दळत होती, तिखटमिठाच्या पुऱ्या तळत होती. हजमध्ये अंगावर घ्यायच्या एहरामच्या दोन बिनशिवणीच्या चादरी तिनं स्वतः धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून पेटीत ठेवल्या.

"तुह्यासाठी कफनाचं कापड मक्केच्या जमजमच्या पान्यात भिजवून आनतो," मस्तानभाई मोठ्या मायेनं म्हणाला.

"आना," ती म्हणाली आणि हसली. मक्केहून तिला तेवढं एक कापड मिळणार होतं, पण तिला हवं होतं ते त्याला घराबाहेर पाऊल न टाकता देता आलं असतं. त्यानं तिची माफी मागावी, एवढंच तिला हवं होतं.

हे खूळ तिच्या डोक्यात मशिदीच्या पेशइमामांनी घातलं होतं. त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ईद झाल्यापासून ते संध्याकाळी ओट्यावर बसून मस्तानभाईला हजचे रीतिरिवाज शिकवत होते आणि जैतूनबी दाराआडून ऐकत होती.

"अल्लाचा गुन्हा अल्ला माफ करन," ते म्हणाले होते. "पन माणसाचा गुन्हा माणसालेच माफ करा लागते. तो माफ करत नाई तोवर हज अडकून राह्यते. आन नुसतं 'कहा-सुना माफ करो' म्हनून भागत नाई, मस्तानभाई. कोनाचं काय केलं, ते त्याच्या तोंडावर सांगा लागते."

मस्तानभाईनं ते मनावर घेतलं. माणूस सरळ होता. दुसऱ्याच दिवसापासून डोक्यावर टोपी चढवून तो घरोघरी फिरायला लागला.

सदाशिवरावांच्या दुकानात जाऊन त्यानं हात जोडले. "मालक, तुमच्या बैठकीच्या गादीत म्या वर नवा कापूस देल्ला आन आत जुना भरला. माफी द्या."

"तरीच माही पाठ दुखून राह्यली!" सदाशिवराव पोट धरून हसले. "सौ चूहे खाके बिल्ली चली हज को! जा बाबा, माफ केलं. पन येजो मात्र परत, ती गादी उसवून द्या लागन तुले."

तानबाच्या बैलाला त्यानं एकदा काठी मारली होती, त्याची माफी मागून झाली. शेजारच्या अनुसयाबाईची बकरी आपल्या परड्यात कोंडून ठेवून तो दिवसभर कानावर हात ठेवत राहिला होता, तेही त्यानं कबूल केलं. अनुसयाबाई लगोलग जैतूनबीकडे आली.

"अवं जैतून, मी तं इसरून गेलती ती बकरी! आन तुहा नवरा डोये पुसत उभा. असा मानूस मिळाले नशीब लागते, बाई."

"हो," जैतूनबी म्हणाली आणि पुऱ्या लाटत राहिली. बकरीसाठी डोळे भरून आले होते त्याचे. तिला ते खुपलं आणि त्याचबरोबर आशाही वाटली. बकरी आठवली, बैल आठवला, मग सुग्रा का नाही आठवणार?

सुग्रा त्यांची एकुलती एक मुलगी. बारा-तेरा वर्षांपूर्वी, पाच वर्षांची असताना, ती तापानं फणफणली. त्याच सकाळी मस्तानभाईला वर्ध्याच्या एका लग्नघरी गाद्या पोचवायच्या होत्या. उसनी आणलेली बैलांची रेंगी दारात जुंपून तयार होती आणि कोऱ्या गाद्यांनी काठोकाठ भरली होती. दवाखानाही वर्ध्यालाच होता. जैतूनबीनं पोरीला पदरात गुंडाळून बाहेर आणलं. "ह्या गाद्यायवर निजवतो तिले, संगच घेऊन चला," ती म्हणाली. मस्तानभाई घुटमळला. शादीच्या गाद्या, त्यावर बिमार पोरगी निजवली तर अपशकुन होईल, लग्नघरचे लोक काय म्हणतील, पुन्हा काम देतील का? "दुसऱ्या खेपेले नेतो," तो म्हणाला. "जातो आन येतो."

ती पोरीला घेऊन वेशीपर्यंत धावली. घरी परतली. दुसरी गाडी मिळते का म्हणून पुन्हा वेशीवर गेली. किती खेपा झाल्या कोण जाणे. रेंगी संध्याकाळी रिकामी परत आली तेव्हा सुग्राला न्यायची गरज उरली नव्हती.

त्यानंतर तिची कूस पुन्हा उजवली नाही. आणि त्या सकाळीबद्दल दोघांनी आजतागायत चकार शब्द काढला नव्हता. मस्तानभाई वाईट नव्हता, हेच तर तिचं दुखणं होतं. दारू पिऊन मारणारा असता तर शिव्याशाप देऊन ती मोकळी झाली असती. तो तर तिचं डोकं दुखलं तरी स्वतः चूल पेटवायचा.

पेशइमामांनी एका संध्याकाळी बीबी हाजराची गोष्ट सांगितली. तहानलेल्या लेकरासाठी ती दोन टेकड्यांमधून धावली, म्हणून हाजी लोक आजही तिथं तसेच धावतात. दाराआड जैतूनबी हुंदके देऊन रडली. शेजारणी म्हणाल्या, अल्लावर बाईचं ईमान किती पक्कं! या बायकांना काय सांगणार? मस्तानभाईनं मात्र ती गोष्ट मन लावून ऐकली आणि किती फेरे मारायचे ते दोनदा विचारून घेतलं.

रोज जेवायला वाढताना ती विचारायची, "आज कोनाकडं गेलते?" तो नावं सांगायचा. दिवसागणिक त्याचा चेहरा हलका होत चालला होता. आज म्हणेल, उद्या म्हणेल, असं करत जायचा दिवस उजाडला. घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात, ते काही खोटं नाही.

सकाळी अंगणात माणूस मावेना. मस्तानभाई हारांत गळ्यापर्यंत बुडाला होता. इमामजामिन बांधायचा मान बायकोचा. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून कापडात नाणं गुंडाळून ती त्याच्या दंडाला बांधायला लागली. सगळे पाहत होते.

तेव्हा त्याला आठवलं. "अरे हो," तो घाईनं म्हणाला, "तुही माफी तं राह्यलीच. जे काई असन ते माफ कर, जैतून."

जे काही असेल ते! गावाला नावनिशीवार आणि तिला घाऊक. तिचे हात थांबले.

"सुग्राचं बी?" ती फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो विसरला नव्हता. एक दिवसही विसरला नव्हता, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. त्याचे ओठ हलले आणि ती सगळा जीव कानात आणून उभी राहिली.

"ते... ते तं अल्लाची मर्जी होती," तो म्हणाला आणि त्यानं नजर वळवली.

जुना कापूस त्याचा गुन्हा. बैलाला मारलेली काठी त्याची, बकरीही त्याची. सुग्रा तेवढी अल्लाची. जैतूनबीला वाटलं, गाठ सोडावी आणि नाणं अंगणात भिरकावून द्यावं. पण लोक उभे होते, गाडी उभी होती आणि त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाची मान हारांच्या ओझ्यानं वाकली होती.

"अल्लाच्या नावानं माफ," ती मोठ्यानं म्हणाली.

लोकांनी नारा दिला. पेशइमामांनी दुवा केली. बायका डोळ्यांना पदर लावून, नवरा-बायको असावेत तर असे, म्हणाल्या. मस्तानभाईची गाडी वर्ध्याच्या रस्त्याला लागली आणि अर्धं गाव तिच्यामागे चालत गेलं.

दुपारी अनुसयाबाई भाकरी घेऊन आली. जैतूनबीनं ती झाकून ठेवली, हातपाय धुऊन वजू केला आणि नमाजला बसली. मनातून एकदा तरी माफ करून पाहावं, म्हणजे त्याचा हज अडकणार नाही, म्हणून ती झटत होती. शब्द जिभेपर्यंत यायचा आणि तिथंच चिकटून बसायचा. तिनं परत परत करून पाहिलं. जमलं नाही.

शेवटी तिनं ओंजळ पसरली. "अल्ला," ती म्हणाली, "मी चार लोकायसमोर तुह्या नावानं खोटं बोलली. त्यायचा हज मोडू नको. मले माफ कर."