दोन पाचरी

इंग्लंडमधल्या बार्न्सली गावात, चढावरच्या एका घरात, खिडक्या बसवणारा रॉयस्टन माडीवरची खिडकी तपासत होता. दुहेरी काचेची, पांढऱ्या प्लास्टिकच्या चौकटीची. कितीही ओढली तरी कोपऱ्यात बोटभर फट राहायची आणि नोव्हेंबरचा वारा थेट पलंगावर यायचा. घरमालकीण एनिड चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

“बिजागऱ्या बदल, बाळा, नाहीतर काय हवं ते कर,” ती म्हणाली. “आमच्या विल्फनं वाट लावली हिची. रोज संध्याकाळी हिच्यावर रेलून सिगारेट ओढायचा. शेवटी हाकललाच त्याला मागच्या शेडमध्ये. नऊ हिवाळे तिथं बसला, पण कबूल म्हणून केलं नाही. म्हणायचा, मी हातसुद्धा टेकत नाही गं. खोटारडा मेला.”

ती हसली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. तिचा नवरा विल्फ मार्चमध्ये छातीच्या दुखण्यानं गेला होता.

रॉयस्टननं काचेभोवतीची पट्टी उचकटली आणि त्याचा हात थबकला. पट्टीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीचं वर्तुळ होतं, त्यात फुली. ही खूण त्याचीच. बारा वर्षांपूर्वी घरांच्या या सगळ्या रांगेच्या खिडक्या त्यानंच बसवल्या होत्या. एकसारख्या घरांतलं कुठलं घर कोण लक्षात ठेवतो? काच बसवताना बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक पाचर मारायची आणि समोरच्या वरच्या कोपऱ्यात दुसरी, म्हणजे काचच चौकटीला तिरकी तोलून धरते. नाहीतर चौकट दोन-तीन वर्षांत मान टाकते. हे कालच्या पोरालाही कळतं. इथं दोन्ही कोपरे रिकामे होते. शुक्रवार असणार, दुपार असणार, खाली गाडीत बसलेली मंडळी पबला जायला हॉर्न मारत असणार.

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि चोर पटाशी घेऊन उभा होता.

त्यानं पाचरी मारल्या, काच बसवली. खिडकी एका बोटानं मिटली. आता चहा पिऊन निघून गेला असता तरी त्याला कुणी विचारणार नव्हतं.

“रेलूनच बिघडली होती ना?” एनिडनं विचारलं. तिला ‘हो’ ऐकायचं होतं, ते तोंडावर दिसत होतं.

“नाही बाई. ही मीच बसवली होती. घाईत दोन पाचरी मारायच्या राहिल्या. तुमचे मालक खरं बोलत होते.”

तिनं कप खिडकीत ठेवला. बाहेर शेडकडे पाहिलं.

“किती वेळ लागतो त्याला?”

“पाच मिनिटं.”

“मी तिथं हीटरसुद्धा लावू दिला नाही,” ती म्हणाली. “म्हटलं, थंडी वाजली की सोडेल सिगारेट.”

“चुकलो बाई,” रॉयस्टन म्हणाला. याहून मोठा शब्द त्याला सापडला नाही, आणि त्याची त्याला लाज वाटली.

एनिडनं स्वेटरच्या खिशातून फोन काढून नंबर लावला. “आमच्या ग्लेन्डानं चर्चमध्ये, शवपेटी समोर असताना, बापाच्या या खिडकीची गंमत सांगितली. सगळे हसले. मीपण. तिला तू सांग. माझ्या तोंडून निघायचं नाही.” तिनं फोन त्याच्यापुढे धरला.

“बोल गं आई,” पलीकडून आवाज आला.

रॉयस्टननं फोन कानाला लावला. “आई नाही, मी खिडक्यांवाला,” तो म्हणाला. “तुमच्या वडलांबद्दल सांगायचंय.”