कैदेतून आलेलं कार्ड

मी एक साधं कार्ड. जाड कागदाचं, तळहाताहून थोडं मोठं. माझ्यावर ना चित्र, ना नक्षी. युद्धात पकडलेल्या सैनिकाला ‘मी जिवंत आहे’ एवढं घरी कळवता यावं, म्हणून मला छापलं. तसा कायदाच आहे, जगातल्या देशांनी मिळून केलेला.

एकाहत्तरच्या डिसेंबरात औरंगाबादचा दाऊद सरहद्दीवर पकडला गेला. लष्कराचा ट्रक चालवायचा तो. शेजारी असायचा कारभारी नावाचा वैजापूरचा सोबती. ट्रकवर गोळा पडला, दोघं दोन बाजूंना फेकले गेले. त्यानंतर कारभारी त्याला दिसला नाही.

कैद्यांच्या छावणीत तिथल्याच एका सुभेदारानं मला दाऊदच्या पुढ्यात ठेवलं. “लिखो भई, घरवाले राह देखते होंगे.” माझ्यावर ओळी छापलेल्याच होत्या. ‘मी सुखरूप आहे.’ ‘मी जखमी आहे.’ नको ती खोडायची. दाऊदच्या मांडीला टाके होते. त्यानं पेन्सिल ‘जखमी’वर नेली, थांबला, आणि ‘सुखरूप’ खोडलं. “अन्वरीला खोटं खपत नाय,” तो बायकोच्या आठवणीनं पुटपुटला.

मी जिनिव्हाला रेडक्रॉसच्या कचेरीत गेलो, तिथून दिल्लीला. वाटेत सात आठवडे मोडले.

इकडं औरंगाबादला औरंगपुऱ्यातल्या घरी ‘बेपत्ता’ अशी तार येऊन पडली होती. दाऊदचे वडील हैदरचाचा शिवणकाम करत. नातेवाईक रोज सांगत, आता मेलेल्यासाठीची फातेहा द्या. थकून त्यांनी त्यासाठी एक शुक्रवार धरला. सून अन्वरी मात्र बांगड्या उतरवीना. “बेपत्ता म्हंजे मेला, असं तारेत कुठं लिवलंय?” एवढंच ती म्हणायची.

त्या शुक्रवारी अंगणात फातेहाच्या जेवणाची मोठी देग चुलीवर चढली होती. तेवढ्यात पोस्टमन सांडू दारात उभा राहिला. “चाचा, परदेशी टपाल हाय.”

मी अन्वरीच्या हातात पडलो. माझ्यावरचं छापील तिला वाचता येईना, पण दाऊदनं लिहिलेल्या नावाचं अक्षर तिनं ओळखलं. तिनं शेजारी हाक मारली. शेजारच्या द्वारकाबाई शाळेत शिकवायच्या. त्यांनी मला वाचलं. “जिवंत आहे गं! जखमी आहे, पण जिवंत आहे.”

कुणीतरी देग उतरवायला धावलं. हैदरचाचा ओरडले, “देग उतारो नक्को! शुकराने का खाना है अब ये.” आणि शिवणयंत्रावर डोकं टेकून हमसून हमसून रडले. आभाराचं ते जेवण सगळी गल्ली त्या दिवशी पोटभर जेवली.

मग द्वारकाबाईंनी अन्वरीला युद्धाचा कायदा समजावला. ज्यानं हत्यार टाकलं त्याला मारायचं नाही, जखमीला औषध द्यायचं, कैद्याला घरी कळवू द्यायचं.

“आपल्याकडं त्यांचे कैदी हायत. त्यांचं काय?” अन्वरीनं विचारलं.

“त्यांनाही हेच. कायदा दोन्हीकडं सारखा.”

अन्वरीनं मला उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाली, “तिकडं बी कुणाची सून दाराकडं बघत बसली आसंल. तिला बी असं कार्ड लवकर मिळू दे.”

दुसऱ्याच दिवशी मला पदरात बांधून ती द्वारकाबाईंबरोबर वैजापूरला गेली. कारभारीच्या बायकोला, सरूबाईला, ‘बेपत्ता’ची तारच तेवढी मिळाली होती. अन्वरीनं मला तिच्या हातात दिलं. “माझ्या माणसाचं आलं, सरूबाई. तुमच्याची बी चौकशी करता येती. हक हाय आपला.” द्वारकाबाईंनी रेडक्रॉसला अर्ज लिहिला. सरूबाईनं अंगठा उठवला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. कारभारी तिकडच्या लष्करी दवाखान्यात होता. डोक्याला मार लागला होता, नाव सांगता येत नव्हतं. अर्जातल्या खुणांवरून तो सापडला.

पुढच्या हिवाळ्यात दोघं परतले. स्टेशनावर कारभारीनं सरूबाईला हाक मारली. पहिल्यांदा नाव चुकलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं, आणि ती रडता रडता हसली.

आता माझ्यावरची पेन्सिल पुसट झाली आहे, कडा विरल्या आहेत. म्हातारी अन्वरी मला अजून कॉलेजातल्या छात्रसैनिकांपुढं नेते. आज पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, “आजी, समोरच्यानं कायदा पाळलाच नाही तर?”

अन्वरी म्हणाली, “कुणीतरी आधी पाळाया हवा ना, म्हणून तर तुला सांगाया आले, बाई. कुण्या बाईचा माणूस उद्या तुझ्या हाती लागला, तर त्याला कार्ड दे.”

मुलीनं मला दोन्ही हातांनी घेतलं, एक एक ओळ वाचली, आणि शेजारणीकडं दिलं. मी अजून त्या रांगेतच फिरतो आहे. जरा जपून धरा मला, पण पुढं द्या.