बंद कॅमेऱ्यातला खट्

तिने कॅमेरा बंद केला आणि उजवीकडे हळूच कलता केला. आत काहीतरी खट् करून सरकलं. डावीकडे केला, पुन्हा खट्.

सकाळपासून तिचा हाच उद्योग चालला होता. दोन वर्षं मन मारून कालच घेतलेला कॅमेरा! दुकानदार फोनवर म्हणाला होता, "या मॉडेलला असतं तसं, मॅडम. तरी शंका असेल तर आज सहाच्या आत परत आणा. दुसरा मात्र आठवड्याने मिळेल."

उद्या तिचं पहिलं मोठं काम होतं, व्हायोलिनवादनाच्या कार्यक्रमाचे फोटो. परत करावा तर उद्या हात हलवत जायचं. ठेवावा आणि ऐन कार्यक्रमात तो बंद पडला, तर पुन्हा कोण बोलावणार? घड्याळात पावणेपाच झाले होते.

"बाबांना दाखव की! घरात डॉक्टर असताना कसली काळजी?" आई आतून म्हणाली.

बाबांनी चाळीस वर्षं कॅमेरे दुरुस्त केले होते. कॅमेरा डाव्या कानाशी धरायचे, शटर दाबायचे आणि दुखणं सांगायचे. बाजारात त्यांना डॉक्टरच म्हणत. दुकान बंद झालं तरी लोक घरी येत, आणि त्या दिवशी बाबांची ऐट बघण्यासारखी असे. कोपऱ्यावरचे मास्तर परवाच सहलीसाठी आपला जुना कॅमेरा तपासून घेऊन खुशीत गेले होते.

बाबांनी तिचा कॅमेरा चालू करून कानाशी नेला, डोळे मिटले आणि तीनदा शटर दाबलं. मग कॅमेरा बंद करून कानाशीच कलता केला.

"शटर खणखणीत आहे," ते म्हणाले. "आतही काही नाही. बिनधास्त घेऊन जा."

तिचा जीव भांड्यात पडला. कॅमेरा परत घेऊन तिने सहज चालू केला, तर पडद्याच्या कोपऱ्यात घंटीचं चित्र होतं, त्यावर तिरकी रेघ. सभागृहात आवाज चालणार नाही म्हणून दुपारी तिनेच शटर मुकं करून ठेवलं होतं. ते वाजलंच नव्हतं.

बाबा पाठ फिरवून खिडकीपाशी गेले होते.

"बाबा," ती हळूच म्हणाली.

ते बाहेर बघत राहिले. वर्षभर टीव्ही एवढा मोठा का लागतो, यावरून आपण त्यांची किती चेष्टा केली, हे आठवून तिला रडू आलं. पण सहा वाजायला तासभरच उरला होता. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हात द्या जरा."

बंद कॅमेरा त्यांच्या तळव्यावर ठेवून तिने तो कलता केला. बाबांची बोटं थबकली.

"हे काय लागलं?"

तिने चालू करून पुन्हा कलता केला. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी स्वतःच चारदा बंद-चालू करून पाहिला.

"चालू केला की थांबतं," ते म्हणाले. "हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून आतला एक भाग मोकळा ठेवलेला असतो. कॅमेरा चालू झाला की तो धरला जातो. तुटलेलं असतं तर दोन्ही वेळेला लागलं असतं. ठेव हा."

आता तिला खरंच हायसं वाटलं. तिने हात पुढे केला, पण बाबांनी कॅमेरा दिला नाही. अंगठा कडेला टेकवून त्यांनी शटर दाबलं. अंगठ्याला काहीच लागलं नाही. त्यांनी पडद्यावरच्या घंटीकडे बराच वेळ पाहिलं.

"मघाशीही असाच होता?"

तिने मान डोलावली.

बाबांनी कॅमेरा टेबलावर नीट ठेवला.

"मास्तरांनाही मी खणखणीतच म्हणालो," ते म्हणाले. "सहलीला निघाले का ते?"

"उद्या सकाळी निघणार आहेत."

"मग लाव त्यांना फोन. कॅमेरा परत आणा म्हणावं." त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "बोल मात्र तूच."